आंटीने चोरलेलं भजन

गाणं ऐकायला बसायच्या आधी आंटी कानातल्या बाळ्या काढून ठेवायची. कानावर वजन नको म्हणून. त्या गाऊनच्या खिशात टाकायच्या, मग चष्मा काढायचा, मग चपला, आणि मग तोंड उघडायचं. गायला नव्हे, ऐकायला. "अर्धा गाणा कानातसून आत जाता आणि अर्धा तोंडातसून," हे तिचं शास्त्र होतं. "तोंड मिटून आयकणारो माणूस अर्धपोटीच रवता." आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांच्या व्हिडिओंमध्ये बँडच्या अगदी बाजूला साठीतली एक ठेंगणी बाई अनवाणी, आ वासून उभी दिसते. ती आमची आंटी. मुलाकडचे तिला मुलीकडची समजतात आणि मुलीकडचे मुलाकडची.

मी तिच्याकडे तीन वर्षं भाड्याने राहिले. कोल्हापूरहून मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका गावात माझी बदली झाली होती, सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या नोकरीवर. खोली बघायला म्हणून पहिल्यांदा तिच्या फाटकातून आत शिरले, तर अंगणात खुर्चीवर एक बाई मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून पडलेली. चपला इकडे, चष्मा तिकडे. मला वाटलं, बाईला झटका आला. नोकरीचा नवा उत्साह. मी बॅग टाकली, धावले आणि तिची नाडी धरली. तिने हात झटकला आणि डोळे न उघडता म्हणाली, "सोड गो बाये! गेलो मा तो सूर!"

दोन वाड्यांपलीकडे कुणीतरी क्लॅरिनेटवर लग्नाचं गाणं घोटत होतं. त्याचं पुरेसं घोटून होईपर्यंत मी माडाखाली गुपचूप उभी राहिले. मग आंटीने चष्मा लावला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, "घोरतंस काय?" मी नाही म्हटलं. "घोरलंस तरी चलात," ती म्हणाली. "बेसूर मातर नको." झाली खोली पक्की. मी "अहो आंटी" म्हणायला गेले तर तेही मोडून काढलं: "अहो-जाहो तुज्या दवाखान्यात. हय माका तू म्हण."

आता माझं सांगायचं तर माझा कान म्हणजे डोक्याच्या दोन बाजूंना काहीतरी असावं म्हणून बसवलेला अवयव. आमच्या घरात गाणं म्हणजे ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर लावतात ते. शाळेत प्रार्थनेला बाई मला फक्त ओठ हलवायला सांगायच्या. असल्या माणसाला देवाने नेमकं आंटीच्या घरात आणून टाकलं, याला काय म्हणावं! आंटीला मात्र त्याचं काही वाटलं नाही. उलट तिला आनंदच झाला. कोरी पाटी मिळाली म्हणून.

तिच्या घरात कुकर नव्हता, कारण त्याची शिट्टी कुठल्याच सुरात बसत नाही. दारावर तीन मासेवाल्या यायच्या. सगळ्यांत ताजे बांगडे जिच्या टोपलीत, तिची हाक चिरकी. आंटी घ्यायची ते दुसरीकडून. ती दुसरी फाटकाबाहेरून "बांगडे गोऽऽ" म्हणायची ते असं काही खालून उचलून वर नेऊन ठेवायची, की आंटी हातातलं काम टाकून दाराशी यायची आणि तिला म्हणायची, "आणखी एकदा म्हण, मगे घेतंय." मी तीन वर्षं नरम बांगडे खाल्ले ते या एका हाकेपायी. तक्रार केली तर म्हणायची, "मासो पोटात जाता आणि सकाळी संपता. हाक कधी संपता?"

आणि ही बाई स्वतः कधीही, कुठेही, एक ओळसुद्धा गायली नाही. देवळात, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, सगळे उभे राहून गायचे तेव्हा ही पहिल्या बाकावर आ वासून गप्प. एकदा फादरांनी तिला गमतीने विचारलं, "आंटी, तोंड तर उघडं दिसतं, आवाज कुठे ठेवलाय?" आंटी म्हणाली, "फादर, सगळ्यांनी गायला तर आयकतलो कोण?" तेव्हापासून त्यांनी तिला कधी छेडलं नाही, उलट गायकवृंदाची तालीम झाली की पोरी आधी आंटीच्या तोंडाकडे बघायच्या. तोंड मिटलेलं दिसलं की तालीम पुन्हा सुरू.

एकदा आम्ही स्कूटरवरून बाजाराला निघालो होतो. वाटेत एका मुसलमान घरी लग्न होतं आणि आतल्या बाजूला बायका ढोलक घेऊन गात होत्या. आंटीने रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला. मागून येणारा रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांची आठवण काढत बाजूने गेला. आंटी सरळ आत. मी मागून "आंटी, आमंत्रण नाही, आंटी!" करत. दहा मिनिटांत ती त्या बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसली होती, बाळ्या खिशात, तोंड उघडं. एक म्हातारी बाई इतकं मजेत गात होती, हसत, टोमणे मारत, व्याह्यांची नावं गुंफत, की शेवटी माझीही मान हलायला लागली. जेवायला बसवलं तेव्हा कुणीतरी आदबीने विचारलं, "आंटी, तुम्ही कोणाकडच्या?" आंटी बिर्याणीचा घास गिळून म्हणाली, "मी खंयचीच नाय. मी गाण्याकडची." त्यांनी तिला आणखी वाढलं.

पण मला पहिल्यांदा खरंच काही ऐकू आलं ते धामापूरला. एका रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटपून ती मला स्कूटरवर घालून तलावावर घेऊन गेली. देवळात कुणी म्हातारे गृहस्थ एकटेच पेटी घेऊन बसले होते. समोर ऐकायला कुणी नाही, माईक नाही, काही नाही. मी देवळात जायला लागले तर आंटीने दंड धरला. "थय नको. हय ये." तिने मला तलावाच्या पायऱ्यांवरून खाली खाली नेलं. एका पायरीवर बसवलं, मान कलती करून अंदाज घेतला, "आणखी एक खाली" म्हणाली, पुन्हा बसवलं. "हां. आता हलू नुको. श्वास पण हळू घे."

आणि तो आवाज आला. देवळातून नाही, पाण्यावरून. म्हातारबुवा मागे गात होते आणि सूर समोरून येत होते, तलावाच्या पलीकडच्या झाडीला हात लावून परत आल्यासारखे. एक सूर संपायच्या आत त्याच्या पाठोपाठ दुसरा. पायाला गार पाणी लागत होतं. मला हसू यायला लागलं. कशाचं ते माहीत नाही. थांबेचना. मी तोंडावर हात दाबला तर आंटीने तो काढला, माझ्याकडे बघितलं आणि तीही हसायला लागली. आम्ही दोघी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो आणि ते गृहस्थ गातच होते. इतका आनंद मला नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हाही झाला नव्हता. "हसाक इला?" आंटी म्हणाली. "मगे गाणा आत गेला."

त्या दिवसापासून मी तिची झाले. ती नेईल तिथे जायचं. वालावलच्या देवळाजवळ खाडीत होडी थांबवून सनई ऐकायची. तोंडवलीच्या वाळूत बसून रापण, म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांची हाळी ऐकायची. घरी आल्यावर जेवताना परीक्षा. "काय आयकलंस?" "छान होतं." "छान म्हणजे काय? छान तर शिकेकाई पण आसता." मग मी विचार करून सांगायची, की तो माणूस वर जाताना जरा थांबला आणि मग गेला. "हां!" आंटी माझ्या ताटात तळलेली तुकडी टाकायची.

आता बुवांबद्दल सांगायला हवं, कारण आंटीचा जीव कुणावर होता तर तो या बुवांच्या भजनावर.

बुवा गवंडी. चिऱ्याच्या भिंती बांधायचे. बोलताना आवाज सिमेंट कालवल्यासारखा, आणि गायला लागले की हा तोच माणूस का असं वाटावं. चतुर्थीच्या दिवसांत त्यांची मंडळी घरोघरी गणपतीसमोर भजनाला जायची. दोन अभंग, एखादी गौळण आणि शेवटी गजर. गजर म्हणजे भजनाचा कळस. आधी हळूहळू, मग पखवाज, झांजा, मागचे गाणारे असे सगळे मिळून लय चढवत नेतात, आणि बुवा त्या सगळ्यांच्या वर. बुवांचा गजर ऐकायला आंटीने वीस-वीस किलोमीटर स्कूटर हाकली होती. लोकही भले. आंटी पडवीत दिसली की खुर्ची आणून द्यायचे. पाहुणचारात कोकणी माणूस मागे राहत नाही, आणि तिथेच घात व्हायचा. बुवांनी गजराला हात घातला, आंटीने तोंड उघडलं, की घरातून कुणीतरी ट्रे घेऊन बाहेर. "आंटी, चाय घेवा!" कप खणखणले, घे गो नको गो झालं, की गजर संपलेला. "गजराक आणि चायेक एकच मुहूर्त कसो मेळता गो ह्या लोकांका?" परतीच्या वाटेवर ती स्कूटरच्या आरशातून मला विचारायची. इतक्या वर्षांत तिला बुवांचा एकही गजर आरंभापासून शेवटपर्यंत मिळाला नव्हता.

मी म्हटलं, "मग बोलाव ना घरी. सांग बुवांना."

आंटी भडकलीच. "बोलवू कशी? बुवा देवापुढे गाता. तेचो गणपती माज्या घरात खंय आसा? आणि निसता माज्या कानांसाठी ये म्हणान सांगूक मी काय संस्थानची राणी?" मग जरा वेळाने, वाटीतली सोलकढी संपवून, हळू आवाजात: "एकदाच गो. माज्या घरात, माज्या पुढ्यात, चाये बिगर. एक गजर. मगे माका काय नको."

ही एवढी धीट बाई, लोकांच्या लग्नात घुसणारी, बुवांसमोर मात्र पंधरा वर्षांची पोर व्हायची. एकदा मालवणच्या बाजारात बुवा समोरून येताना दिसले. मी म्हटलं, चल, ओळख करून देते. आंटी गायब! शोधते तर एका भाजीवालीच्या छत्रीमागे, हातात नको असलेला लाल भोपळा घेऊन उभी. बुवा लांब गेल्यावर बाहेर आली. तो भोपळा आम्ही आठवडाभर खात होतो.

माझ्या तिसऱ्या वर्षी चतुर्थीचे दिवस आणि सायबिणीचा, म्हणजे मरियामाउलीचा सण एकाच आठवड्यात आले. ही गोष्ट सणाच्या आदल्या दिवसाची. आंटीने हॉलच्या कोपऱ्यात सायबिणीची मांडणी केली होती, निळा पडदा लावून. प्रार्थनेच्या वेळेपर्यंत कुणी बघायचं नाही, असा तिचा नेम. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी पुसून त्याही मांडणीत ठेवायला पडद्यामागे नेल्या होत्या. दाराला फुलांची तोरणं, खिडकीला लाईटच्या माळा. स्वयंपाकघरात हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडत होत्या. त्या आठवड्यात आमच्या वाडीत असं घर नव्हतं, गणपतीचं की सायबिणीचं, जिथून हळदीच्या पानाचा वास येत नव्हता.

आमच्या पलीकडच्या घरात तात्या राहत. एसटीतून निवृत्त झालेले, रागीट पण मनाने लोणी. त्यांच्या घरी गणपती. आणि त्या वर्षी तात्यांनी पहिल्यांदाच बुवांना भजनाला सांगितलं होतं. दुपारी बाराची वेळ. बुवा आमच्या वाडीत कधीच आलेले नव्हते. आंटीने सकाळी नाश्त्यालाच बाळ्या काढून ठेवल्या. "पातोळ्यो उतरवतंय आणि तात्याच्या पडवीत जावन बसतंय," असं तिने मला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगत होती तेवढ्यात मागच्या दारी माणसांचा आवाज आला.

झालं होतं असं, की रस्त्यावरच्या मोरीवर पाणी आल्यामुळे टेम्पो अलीकडेच थांबला आणि मंडळी पेटी-पखवाज डोक्यावर घेऊन मागच्या पाणंदीने चालत आली. तात्यांनी सांगितलेल्या खुणा त्यांच्या डोक्यात: तोरण, लाईटच्या माळा, फणसाच्या पुढचं घर. आमच्या अंगणातला खुरीस, म्हणजे क्रूस, समोरच्या बाजूला, तो त्यांना दिसलाच नाही. पातोळ्यांचा वास मात्र आला. मागच्या दारात आंटी, हातात ओलं फडकं. समोर दहा माणसं आणि त्यांच्या पुढे साक्षात बुवा.

"येवा, येवा," आंटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दारात आलेल्या माणसाला कोकणात एवढंच म्हणतात.

मंडळी हॉलमध्ये आली. बुवांनी निळ्या पडद्याकडे बघितलं, हात जोडले. नैवेद्य दाखवताना गणपतीपुढेही पडदा ओढतात, आणि वेळ नेमकी तीच. "नैवेद्य चललो दिसता, तात्या थयच आसतले," बुवा म्हणाले. "चलांदे. पडदो उघडासर आपण सुरवात करूया." आणि बसले की पेटी पुढ्यात ओढून!

मी तोंड उघडलं तर आंटीने मला असा चिमटा काढला, की तो डाग चार दिवस होता. स्वयंपाकघराच्या दाराआड ओढून नेलं.

"आंटी, सांग त्यांना!"

"काय सांगू? मी खोटा बोल्लंय? 'येवा' म्हटलंय. घराक इल्ल्या माणसाक येवा नाय म्हणू?"

"तात्यांचं भजन आहे ते!"

"शनिवारी चर्चात पाप कबूल करताना पाद्रीक काय ता सांगान मी. आता गप रव." तिचे कान लाल झाले होते. तिने गॅस बंद केला, चष्मा काढला, चपला काढल्या आणि बुवांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, फरशीवर जाऊन बसली.

पहिला अभंग. मी दारात उभी. पावसाची भुरभुर खिडकीबाहेर, आत ते बारीक अंगाचे बुवा डोळे मिटून गात होते आणि आमच्या घराच्या कौलांना पहिल्यांदाच कळत होतं, आवाज म्हणजे काय. आंटीचं तोंड उघडं होतं आणि चेहरा असा, की मी तिच्याकडे बघू की गाणं ऐकू ते मला समजेना. मला पुन्हा धामापूरसारखं हसू फुटायला लागलं आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. कारण खिडकीतून मला तात्या दिसत होते. छत्री घेऊन स्वतःच्या फाटकात उभे, फोन कानाला, नजर मोरीकडे. इकडे पखवाजवाल्याच्या खिशातला फोन थरथरत होता आणि त्याचे दोन्ही हात पखवाजावर.

तात्यांना भजन ऐकू येत नव्हतं असं नाही. शेजारच्या घरात ऐकू न यायला काय झालं? पण आंटीला गोव्याहून भाच्याने एक स्पीकर पाठवला होता आणि त्यावर ती दिवसभर काही ना काही लावून ठेवायची. दुसरा अभंग रंगात आला आणि बाहेरून तात्यांची आरोळी आली: "आंटी गो! तो स्पीकर जरा बारीक कर! माका फोन आयकाक येणा नाय! बुवा खंय अडाकले तेचो पत्तो नाय!"

बुवा तानेत होते. त्या आरोळीला आंटीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी खिडकी लावून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडकं कोंबून हसले.

गौळण झाली. बुवांनी पेटीवरचे हात उचलले, घाम पुसला. मंडळी सावरून बसली. आता गजर. आंटीने मांडी बदलली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आयुष्यभराची वाट बघून झालेली बाई कशी बसेल, तशी बसली.

"घरधन्यांनु," बुवा म्हणाले, "पडदो उघडा आता. गजर देवाच्या समोर होवंदे."

मी आंटीच्या मागे वाकून कुजबुजले, "सांग, नैवेद्य अजून व्हायचाय. पडद्याआडच करा म्हणावं." किती सोपं होतं! एक वाक्य, आणि गजर तिचा. मला मनापासून वाटत होतं, तिने ते बोलावं. आंटी माझ्याकडे वळली नाही. बुवांकडे बघत राहिली. मग उठली, कोपऱ्यात गेली आणि पडदा बाजूला केला.

निळ्या झग्यातली सायबीण, मेणबत्त्या, झेंडूच्या राशी, मागे ओळीने तसबिरी. दहाही माणसांचे हात होते तिथे थांबले.

"बुवानु, हो तात्याचो गणपती न्हय," आंटी म्हणाली. आवाज फाटला होता. "ही माजी सायबीण. तात्याचा घर पलीकडे. तुमी चुकलास आणि मी सांगूक नाय. चूक तुमची न्हय, माजी."

तेवढ्यात तात्या समोरच्या दाराने आत आले, स्पीकर बंद केल्याबद्दल आभार मानायला. आधी पेटी दिसली, मग पखवाज, मग बुवा. तात्यांची छत्री हातातून पडली.

"आंटी! माजा भजन चोरलंस तू?"

"चोरलंय," आंटी म्हणाली. "परत ने. गजर उरलो हा, तो अख्खो तुजो." आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, मान खाली घालून. तिला काय द्यावं लागलं ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

बुवा तिच्याकडे बघत होते. "बाये," ते म्हणाले, "दुसऱ्या अभंगाक आमचो झांजवालो इल्लोसो मागे पडलो. तेव्हा तू डोळे उघडलंस. माज्या ह्या धा माणसांत कोणाक कळला नाय ता. इतकी वर्षां गातंय. लोक पाया पडतत, चाय पाजतत. आयकणारा माणूस खंय मेळता?" मग तात्यांकडे वळले. "तात्यानु, बसा. मांडलेला भजन गजराशिवाय उठणा नाय."

"आणि माजो गणपती?"

"तो आयकता थयसून. तेचे कान मोठे."

तात्या बसले. रागाने बसले, पण बसले. आणि गजर सुरू झाला. तो मी काय सांगू? शब्द मला तेव्हाही कळले नाहीत. एवढंच आठवतं, की लय एकदा चढली, मग आणखी चढली, आता संपेल वाटलं तेव्हा बुवांनी वरचा सूर धरला आणि सोडेचनात. तात्यांच्या घरचे सगळे कुंपणातून आत आले. तात्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली, आणि तात्यांनी, स्वतः तात्यांनी, हात वर करून तिला जागीच थांबवलं. मी नाचत होते. मी, ओठ हलवायला सांगितलेली मुलगी! आंटी पुन्हा फरशीवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सरळ उघड्या तोंडात जात होतं. अख्खा गजर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या झांजेपर्यंत. तोही तिच्या स्वतःच्या घरात.

संपल्यावर कुणाला उठवेना. पण भजन झालं की घरासाठी गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. एकाने देवाला मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बुवा उभे राहिले, सायबिणीसमोर हात जोडले आणि क्षणभर अडखळले. मग सुरू झाले:

"बा देवा म्हाराजा! आज आमी वाट चुकलो आणि भलत्या दारात शिरलो, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बाये सायबिणी, तुज्या पुढ्यात न इचारता बसलो, तो राग पोटात घाल गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तात्याच्या घरचो देव आमची वाट बघता, तेका आणखी इल्लोसो दम धरूक सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात तात्यांचा आवाज पहिल्यांदा आला.

"आणि फुडल्या वर्सा, ह्याच दिसाक, ह्याच येळाक, आमका परत अशीच वाट चुकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर दणाणलं. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून एकटीच, उशिरा, फाटक्या आवाजात आंटी ओरडली, "व्हय म्हाराजा!"